जाकिटाचा बेत : वऱ्हाडातील घरगुती शिवणाची हकीकत

वऱ्हाडचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप कापसाकडे वळते, आणि त्यात वावगे काही नाही. अमरावती व अकोला ही दोन्ही शहरे कापसाच्या बाजारावर वाढली. परंतु या इतिहासात पऱ्हाटीपासून गाठीपर्यंतची हकीकत पानोपानी सापडते. ताग्यापासून अंगापर्यंतची हकीकत मात्र कोणी फारशी लिहीत नाही. कापड घरात आल्यावर ते कोणी मोजले, कोणी कापले, कोणाच्या अंगाला ते नीट बसले आणि कोणाला तसेच ढगळ घालावे लागले, हा भाग बायकांचा म्हणून राहून गेला असावा. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तो थोडा तरी यावा, एवढ्यासाठी हा लेख.

आपल्या भाषेत कापड अंगाच्या मापाने आखून कापण्याला ‘बेतणे’ म्हणतात, आणि मनात एखादे काम योजण्याला ‘बेत करणे’ म्हणतात. कापड कापताना शिवणीसाठी कडेला जे थोडे जादा सोडतात, त्याला ‘माया’ हा सुंदर शब्द आहे. शिवणकाम म्हणजे सुईदोरा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. खरे पाहता सुईदोऱ्याचे काम शेवटी येते. त्याआधी बेत ठरतो, माया सुटते आणि मग कात्री चालते. म्हणून घरगुती शिवणाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न ‘शिवीत कोण होते’ हा नसून ‘बेतीत कोण होते’ हा आहे. शिवणयंत्र आले आणि बायका स्वावलंबी झाल्या, असे आपण नेहमी ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. यंत्राने टीप दिली; बेत दिला तो एका साध्या खाकी कागदाने.

खण आणि चोळी

आपल्याकडे सुवासिनीची ओटी भरतात तेव्हा ओटीत खण घालतात, शिवलेली चोळी घालीत नाहीत. या रीतीकडे शिवणाच्या दृष्टीने कोणी पाहत नाही. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, ज्या घरी हा खण जाईल त्या घरात तो कापून चोळी करणारे हात असतील. खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. त्यासाठी विजापूरकडील गुळेदगुड्डचे खण पूर्वापार प्रसिद्ध आहेत. या अरुंद कापडातून पाठीचा तुकडा, पुढचे भाग, सरळ बाह्या आणि काखेत घालावयाचा लहान तुकडा असे सगळे निघे आणि चिंधीसुद्धा फारशी वाया जात नसे. पुढे गाठ मारली की चोळी अंगाला बसे. थोडे जाड वा बारीक झाले तरी गाठ ते सांभाळून घेई.

या शिवणाला ना फीत लागे, ना कागद. जुनी चोळी हेच माप आणि आईचा हात हाच नमुना. चोळीप्रमाणेच बाळाचे अंगडे, टोपडे, कुंची, दुपटे आणि घरातील जुन्या लुगड्यांची गोधडी हीही घरातलीच कामे होती. फाटलेल्या लुगड्याला दंड घालणे, ठिगळ लावणे, धावदोऱ्याने दोन पदर एक करणे हे मुलीला परकरात असतानाच येत असे. शिंपी गावात होताच. शिंपी समाजाची थोरवी आपल्या संतपरंपरेत नामदेव महाराजांमुळे अजरामर झालेली आहे. त्यांच्या पदरचनेत गज आणि कात्री ही धंद्याची साधनेसुद्धा भक्तीची रूपके होऊन आली. परंतु बायकांच्या अंगावरची चोळी पुष्कळ घरांत शिंप्याकडे जात नसे. बाईच्या वस्त्राचा बेत बाईच्याच हाती होता, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

कापूस गेला, कापड आले

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि सर्वांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. आपल्या अमरावतीचे नाव इंग्रजी व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘ऊमरा’ असे झाले आणि लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाच्या एका प्रतीलाच ते नाव पडले. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाडातून थेट नागपुरास पोचली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा लोहमार्गाचा फाटा खुला झाला. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. ती गिरणी आज राहिलेली नाही, पण तिने आणि तिच्यासारख्या गिरण्यांनी येथील बाजाराचे रूप पालटले.

कापूस गाठी बांधून गेला आणि मांजरपाट, लाँगक्लॉथ, छीट होऊन परत आला. अकोटच्या सतरंज्या, बाळापूरच्या पागोट्यांचे बारीक विणकाम यांची कीर्ती होतीच; पण रोजच्या अंगावरचे कापड हळूहळू गिरणीचे झाले. या कापडात आणि खणात मोठा फरक होता. खण एका चोळीसाठीच विणला जाई. त्याची रुंदी, त्याचे काठ यांतच चोळीचा अर्धा बेत असे. गिरणीचा तागा कोणासाठीच विणलेला नसतो. त्यातून काय करावयाचे हे कापणाऱ्याने ठरवावयाचे असते.

याच सुमारास बायकांच्या अंगावर नवे वस्त्र आले. त्याची नावेच त्याचा इतिहास सांगतात. ‘जाकीट’ हे इंग्रजी जॅकेटवरून, ‘पोलके’ हे पोलका नावाच्या जाकिटावरून, ‘झंपर’ हे जंपरवरून, आणि शेवटी ‘ब्लाउज’. आज जाकीट म्हटले की पुरुषांचे बिनबाह्यांचे नेहरू जाकीट डोळ्यांपुढे येते. पण एके काळी बायकांच्या लांब बाह्यांच्या अंगवस्त्राला जाकीट म्हणत. हे आपल्याकडेच झाले असे नाही. सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले हिंदी आय.सी.एस.; त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईस पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहिली आणि तीत फेरफार करून ती बंगालात नेली. तेथेही साडीबरोबर ‘जॅकेट’ हा शब्द रूढ झाला. बाहेर पडणाऱ्या, शिकू लागलेल्या, सभेला जाणाऱ्या स्त्रीला अंगभर, पुढे बटणे असलेले, सुटसुटीत वस्त्र हवे होते; ते जाकिटाने दिले.

परंतु येथेच एक गोष्ट हातची गेली. चोळीची बाही सरळ तुकड्याची असते. जाकिटाला मुंढा असतो, म्हणजे बाही जोडण्यासाठी खांद्याखाली कापलेली गोलाई. मुंढ्याची गोलाई आणि बाहीच्या माथ्याची गोलाई या एकमेकींस मिळाव्या लागतात. अर्ध्या इंचाची चूक झाली तर हात वर करताच काखेत ताण येतो किंवा खांद्यावर घोळ पडतो. गळा, खांद्याचा उतार, छातीची चुणी ही सगळी वळणे नजरेने कापता येत नाहीत. त्यांना माप आणि हिशोब लागतो. तो हिशोब शिंप्याजवळ होता, घरात नव्हता. म्हणून स्त्री घराबाहेर पडू लागली त्याच काळात तिच्या वस्त्राचा बेत मात्र घराबाहेरच्या दुकानात गेला. परपुरुषाला माप देण्याचा संकोच होताच. त्यावर तोड म्हणून जुने पोलके नमुन्याला पाठवावयाचे आणि त्यावरून नवे शिवून घ्यावयाचे, ही चाल पडली. जुन्यात जो दोष असे तो नव्यात जसाच्या तसा येई, आणि बाई तो मुकाट्याने अंगावर वागवी.

यंत्र घरी आले

एलियास हौ याला शिवणयंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले आणि आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये. सिंगर कंपनीने यंत्राइतकीच महत्त्वाची दुसरी युक्ती १८५६ मध्ये काढली, ती म्हणजे हप्त्यांनी विक्री. आपल्या देशात १८८८ पासून कंपनीची व्यवस्था नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी पाहिली आणि सिंगरचे काळे, सोनेरी वेलबुट्टीचे यंत्र गावोगाव पोचू लागले. यंत्रांविषयी मनात साशंक असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये एका मुलाखतीत शिवणयंत्राला अपवाद केला. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते शोधले, त्यामागे प्रेम आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र काढले. स्वातंत्र्यानंतर हातमशीन किंवा पायमशीन ही मध्यमवर्गीय संसारातील एक मानाची वस्तू झाली आणि लेकीच्या लग्नातही ती दिली जाऊ लागली.

यंत्राने वेळ वाचविला यात शंका नाही. तरीही बेताचा प्रश्न यंत्राने सोडविला नाही. पुष्कळ ठिकाणी व्यवहार असा पडला की कापून द्यावयाचे शिंप्याने आणि टीप मारावयाची बाईने. काज-बटण, हेम, तुरपाई ही चिकाटीची कामेही तिच्याकडेच. आता शिवणाच्या धंद्यातील रीत पाहा. दुकानात जो कापतो त्याला ‘मास्टर’ म्हणतात, आणि जो शिवतो तो कारागीर. त्याला नगावर मजुरी. गिऱ्हाईक मास्टरकडे येते, नाव मास्टरचे होते. म्हणजे बाईच्या घरी यंत्र असूनही कात्री दुसऱ्याच्या हाती राहिली तर ती आपल्याच घरात मजूर राहते. वऱ्हाडात दुष्काळ, कर्ज, घरच्या कर्त्या पुरुषाचे अकाली जाणे या गोष्टी नवीन नाहीत. अशा वेळी यंत्रापुढे बसलेल्या बाईला नुसती टीप येते की बेतही येतो, यावर तिच्या घरची चूल दोन वेळा पेटणार की एक वेळा, हे अवलंबून असते. शिवणवर्ग चालविणाऱ्या एक जुन्या बाई हे आपल्या वऱ्हाडी बोलीत नेमके सांगत : “टीप मारनाऱ्या लय भेटतात वो बाई, कापड कापनारी पाह्यजे.”

कागदाची करामत

कागदावर बेतण्याची कल्पना घराघरांत नेली ती अमेरिकेतील एबेनेझर बटरिक या शिंप्याने. १८६३ मध्ये त्याने निरनिराळ्या मापांचे, पातळ कागदाचे तयार नमुने विकावयास काढले. कागद कापडावर ठेवावा, कडेने कापावे, खुणांप्रमाणे जोडावे, की झाले. युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या एने बुर्डा यांनी १९५० मध्ये आपले मासिक सुरू केले आणि त्यातून नमुन्यांचे मोठे कागद घरोघरी जाऊ लागले. युद्धाने पोळलेल्या, हाती पैसा नसलेल्या बायकांना त्यांचा फार उपयोग झाला.

आपल्याकडे वाट थोडी निराळी झाली, आणि माझ्या मते ती अधिक चांगली होती. आपण तयार कागद फारसे विकत घेतले नाहीत. आपण कागद काढावयास शिकलो. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सेवासदन उभे राहिले आणि तेथे शिवणकाम हा शिक्षणाचा विषय झाला. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये निघाले. दादरच्या झारापकर टेलरिंग कॉलेजची कटिंगची पुस्तके मराठी वर्गांतून वापरली गेली. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि देशभरच्या महिला संस्थांना अनुदान मिळू लागले. शिवणवर्ग हे कित्येक महिला मंडळांचे पहिले काम ठरले, त्याचे हेही एक कारण. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कटिंग आणि शिवण हा रीतसर व्यवसाय म्हणून शिकविला जाऊ लागला.

या वर्गांत काय शिकवीत? छातीचे माप घ्यावे, त्याचे चार भाग करावे, त्यात सैलपणासाठी ठराविक इंच मिळवावे. छातीच्या मापावरून मुंढ्याची खोली काढावी. गळ्याची रुंदी, खांद्याचा उतार अशीच एकातून एक मापे काढावी आणि खाकी कागदावर पट्टीने आखावी. खाकी कागद नसेल तर अकोल्याचा ‘मातृभूमि’ काय किंवा अमरावतीचा ‘हिंदुस्थान’ काय, घरी येणारे वर्तमानपत्र आहेच. हा भागाकार-बेरजेचा हिशोब चौथी शिकलेल्या बाईलाही जमण्यासारखा आहे. एकदा तो आला की बारीक मुलगी, स्थूल सासूबाई, एक खांदा उतरता असलेली शेजारीण, कोणाचेही अंग परके राहत नाही. बटरिकच्या कागदात अंगाला मापाच्या आकड्यात बसावे लागते. आपल्या कागदात आकडा अंगाला बसवितात. शिवाय बाईचे माप बाईच घेऊ लागली आणि जुने पोलके नमुन्याला देण्याची गरज संपली. चोळीपासून जाकिटापर्यंतच्या वाटेवर हातचा गेलेला बेत परत आला तो असा.

चेनचे जाकीट

आता ज्या वस्त्रासाठी हा सारा खटाटोप सांगितला त्याकडे येऊ. पुढे चेन असलेले, कंबरेशी पट्टी असलेले, रोजच्या वापराचे साधे जाकीट आज शाळेतील मुलापासून आजोबांपर्यंत सर्वांच्या अंगावर दिसते. ज्याला आपण चेन म्हणतो त्या झिपची कल्पना अमेरिकेच्या व्हिटकॉम जडसन याने १८९३ मध्ये पेटंट केली आणि शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली. तिची चाल भरवशाची नव्हती. गिडिअन सुंडबॅक या स्वीडिश इंजिनिअरने १९१३ मध्ये दात एकमेकांत बसणारी आजची रचना साधली आणि १९१७ मध्ये तिचे पेटंट मिळविले. ‘झिपर’ हे नाव १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांसाठी काढले. सुती कापडाचे चेनवाले हलके जाकीट प्रसिद्धीस आणणाऱ्या कंपन्यांतील एक, बाराकुटा, १९३७ मध्ये मँचेस्टरला सुरू झाली. ज्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी आमच्या ‘ऊमरा’च्या गाठी बोटीत चढल्या, त्याच मुलखातून हे जाकीट जगभर जावे, हा योगायोग वऱ्हाडच्या माणसाला गमतीचा वाटेल.

वऱ्हाडात जाकिटाचे काय काम, असे कोणी विचारील. आमचा उन्हाळा अंगाची लाही करणारा. थंडी काय ती दोन-अडीच महिन्यांची. चिखलदऱ्यास किंवा मेळघाटात राहणाऱ्यांना ती चांगलीच जाणवते, एरवी शहरात स्वेटरवर भागते. हे सगळे खरे. पण शहराबाहेर पडून कापसाची वेचणी पाहावी. सीतादहीची पूजा होते, वेचणी सुरू होते आणि बायका पहाटेच्या गारठ्यात शेतावर निघतात. त्यांच्या अंगावर लुगडे किंवा पातळ, त्यावर नवऱ्याचा नाही तर मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि कंबरेला कापसाची ओटी. सदरा घालावा लागतो, कारण वाळलेल्या बोंडांची टोके हाताला ओरबाडतात, पुढे ऊन चढले की हात भाजतात. परंतु तो सदरा तिच्यासाठी बेतलेला नसतो. खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाही हातावर लोंबते आणि बोंडात अडकते, गळा सैल, बटणे दोन शिल्लक. ज्या कापसाने जगाला कपडे घातले तो कापूस वेचणाऱ्या बाईला कामाचे असे एकही वस्त्र नाही की जे तिच्या मापाने कापले गेले. वऱ्हाडातील घरगुती शिवणाच्या इतिहासात हे पान अजून कोरे आहे, आणि ते आपल्यासारख्या मंडळांनीच लिहावयाचे आहे.

म्हणून अशा जाकिटाचा बेत येथे थोडक्यात देते. छाती ३४ इंच धरू. अंगावरच्या कपड्यांवरून घालावयाचे आणि हात वर-खाली मोकळे हलावयाचे, म्हणून ८ इंच सैलपणा मिळवावा. घेर ४२ इंच झाला. त्याचे चार भाग केले की प्रत्येकी साडेदहा इंच. पाठ घडीवर साडेदहा आणि पुढचे दोन भाग प्रत्येकी साडेदहा. मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या हिश्शाहून १ इंच जास्त, म्हणजे साडेनऊ. उंची कंबरपट्टीसह २४ इंच पुरते. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, कॉलर, दोन खिसे, मनगटाच्या आणि कंबरेच्या पट्ट्या एवढे कागद निघतात. बाजूंना पाऊण ते एक इंच आणि गोलाईंना अर्धा इंच माया सोडावी. बाजूच्या मायेत हात आखडता घेऊ नये. अंग भरले तर तीच कामास येते. ४४ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर सुती कापड पुरेसे होते.

कोरे कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. यामागचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. चेनची पट्टी फारशी आटत नाही, सुती कापड आटते. न भिजविता शिवले तर पहिल्याच धुण्यात पुढची कड लाटांसारखी वर-खाली होते आणि दोष चेनच्या माथी मारला जातो. कागद ठेवताना त्यावरील उभी रेघ कापडाच्या उभ्या धाग्याशी समांतर असावी. चेन खालून सुटी होणारी घ्यावी, आणि कॉलर व पट्टी जोडून झाल्यावर कड प्रत्यक्ष मोजून मगच आणावी. दोन्ही कडांवर गळा, छाती आणि कंबर अशा तीन ठिकाणी समोरासमोर खडूच्या खुणा कराव्या, चेन आधी कच्च्या दोऱ्याने धरावी, आणि दोन्ही बाजूंची टीप खालून वर अशी एकाच दिशेने मारावी. एक बाजू वरून व दुसरी खालून शिवली तर कापड विरुद्ध दिशांना सरकते आणि कॉलरची टोके वर-खाली दिसतात. जाड कापडाला १६ नंबरची सुई घालावी. बाहीच्या माथ्याची गोलाई मुंढ्यापेक्षा इंचभर जास्त असते. तो इंच चुण्या न दिसता मुरवून घेणे हीच खरी हातोटी, आणि ती दोन-तीन जाकिटांनंतर येते.

आज आणि उद्या

तयार कपड्यांच्या या दिवसांत घरी कशाला शिवावयाचे, हा प्रश्न रास्त आहे. बाजारातील जाकीट कित्येकदा नुसत्या कापडाच्या व चेनच्या किमतीत मिळते. शिवणयंत्रावर पांघरूण घालून त्यावर दूरध्वनी आणि फुलदाणी ठेवण्याचे दिवससुद्धा मागे पडले. पुष्कळ घरांतून यंत्रच गेले. दुसऱ्या बाजूने पाहावे तर वऱ्हाडात कापडाचा धंदा नव्याने येत आहे. यवतमाळला जाकिटाचे जाड डेनिम कापड तयार होते. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे कापडाचे कारखाने आले, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. उद्या तेथे आमच्या मुली कामाला जातील. त्या ओळीतील एक टीप मारणाऱ्या म्हणून जातील, की नमुना काढणाऱ्या, माप बसविणाऱ्या म्हणून जातील, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या प्रश्नाहून वेगळा नाही. आता कागदाच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे, पण छातीचे चार भाग करून सैलपणा मिळविण्याचा हिशोब तोच आहे. ज्या मुलीने खाकी कागदावर तो हाताने आखला असेल, तिला पडद्यावर तो परका वाटणार नाही.

या दृष्टीने मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवते. शिवणवर्गात काढलेले कागद वर्ग संपला की रद्दीत जातात. ते जाऊ देऊ नयेत. मंडळात कागदांची एक पेटी असावी. प्रत्येक नमुन्यावर वस्त्राचे नाव, माप, तारीख आणि काढणारीचे नाव असावे. चोळी, पोलके, झंपर, अंगडे, कुंची, सगळ्यांचे. ज्या वडीलधाऱ्या भगिनींना खणाची जुनी चोळी कापता येते त्यांच्या हातून ती एकदा कागदावर उतरवून घ्यावी. तो नमुना आजवर कागदावर फारसा आलाच नाही, हातातून हातात गेला, आणि हात थकत चालले आहेत. आणि त्या पेटीत वेचणीच्या जाकिटाचे कागद ३२, ३४, ३६ व ३८ या मापांत असावेत. येत्या हंगामाआधी मंडळाच्या भगिनींनी पाच-दहा जाकिटे शिवून आपापल्या ओळखीच्या शेतकरी बायकांना द्यावी, वेचणी झाल्यावर कोठे ओढते, कोठे अडकते हे त्यांना विचारावे, आणि त्याप्रमाणे कागद दुरुस्त करावा. त्यांच्यातील ज्यांना शिकावयाचे असेल त्यांच्या हाती कात्री द्यावी.

संस्थेचे वय वर्षांनी मोजतात. शिवणकाम करणारी स्त्री मात्र आणखी एका मापाने मोजील : कडेला किती माया सोडली आहे? पुढे अंग वाढेल, गरज बदलेल, तेव्हा उसवून सैल करता येईल एवढी जागा आत ठेवलेली आहे ना? आपल्या मंडळाने ती ठेवावी आणि वऱ्हाडच्या बायकांचा बेत वऱ्हाडच्या बायकांच्याच हाती राहावा, अशी वर्धापनदिनी सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.